थेंबमामांची मोठी बाटली

बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याची पोती आणि हात धुण्याचं बेसिन यांच्या मधे, थेंबमामांचा कोपरा होता. त्या कोपऱ्यात बोलायला मनाई होती. तशी पाटी कुणी लावली नव्हती. पण मामा डाव्या हातात तेलाची बाटली आणि उजव्या हातात काचेची कांडी घेऊन उभे राहिले की भट्टीवरचा माणूससुद्धा ट्रे आदळायचा थांबे. कांडीच्या टोकाशी एक थेंब जमे, फुगे, जरा विचार करी आणि मग खाली साखरेत पडे. मामांचे ओठ हलत, आवाज येत नसे. मग दुसरा थेंब. त्या बेकरीत बाकी सगळं पोत्यांनी आणि पातेल्यांनी मोजलं जाई. थेंबांनी मोजणारा माणूस एकच असल्यामुळे त्याचं नाव आपोआप पडलं.

"आमचा कारभार पोत्यांचा, मेहुण्यांचा थेंबांचा," दाजी काउंटरवरून गिऱ्हाइकांना सांगत. "म्हणून तर आम्ही थकतो आणि ते थकत नाहीत."

दाजी म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि बेकरीचे मालक. मामा ऐन पंचविशीत या घरी राहायला आले ते नोकरी मिळेपर्यंत. व्यवस्था तात्पुरती होती. आता मामांनी साठी गाठली तरी ती तात्पुरतीच होती. बेकरीच्या वरची खोली त्यांना तात्पुरती दिलेली होती आणि तिच्या भिंतींना त्यांनी आजवर अनेकदा तात्पुरता रंग दिला होता. लग्नाचं नोकरी लागल्यावर बघू, असं त्यांनी म्हणून ठेवलं होतं. नोकरी शोधायला बाहेर पडायचं ते रोज ठरवत. पण सकाळी पावाची गडबड असे, दुपारी बिस्किटांची, आणि रविवारी तर श्वास घ्यायला सवड नसे, कारण रविवारी संत्र्याचा केक असे.

तो केक मामांचा. बाकी बेकरी दाजींची.

पहिल्यांदा त्यांनी तो केला तेव्हा फजितीच झाली होती. बागांच्या भागातून एक म्हातारे गृहस्थ फळांच्या साली दाबून काढलेलं तेल घेऊन येत. त्यांना सगळे तेलवाले बाबा म्हणत. मामांनी त्यांच्याकडून तेल घेतलं आणि उत्साहाच्या भरात चांगला चमचाभर पिठात ओतलं. केक इतका कडू झाला की दाजींनी तो चुरून मागच्या अंगणात पक्ष्यांना घातला, आणि पक्ष्यांनी कितीतरी दिवस त्या अंगणाकडे ढुंकून पाहिलं नाही. पुढच्या खेपेला तेलवाले बाबा आले तेव्हा ते पोट धरून हसले.

"अरे, अख्ख्या फळाची साल एका थेंबात बसवतो मी," ते म्हणाले. "आणि तू टोपलीभर फळं ओतलीस की त्यात!"

मग ते मैद्याच्या पोत्यावर बसले आणि त्यांनी मामांना शिकवलं. थेंब पिठात नाही, आधी साखरेत टाकायचा आणि बोटांनी चोळायचा. साखर ओलसर वाळूसारखी झाली की झाकून ठेवायची. हे तेल पाण्यात मिसळत नाही, लोण्यात मिसळतं, म्हणून ती साखर लोण्याबरोबर फेटायची. पाक करायचा असेल तर तो उतरवून कोमट होऊ द्यायचा आणि मग थेंब. उकळत्या पाकात टाकलं तर वास छताला मिळतो आणि केकाला काहीच मिळत नाही. रबराचा ड्रॉपर बाटलीत ठेवायचा नाही, तेल रबर खातं. प्लास्टिकही खातं. काच वापर, गडद काच, लहान बाटली, गळ्यापर्यंत भरलेली, थंड जागी. बाटलीत रिकामी जागा ठेवलीस की तिथे हवा बसते, आणि हवा बसली की ती काय उद्योग करते ते कळतही नाही.

मामांनी हे ऐकलं ते आयुष्यभरासाठी. पुढे तर ते त्यातले जाणकारच झाले. एकदा एक बाई अत्तराच्या दुकानातून लिंबाची बाटली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मामा, याचे बिस्किटात किती थेंब घालू?"

मामांनी बाटली उजेडात धरली, चष्मा कपाळावर चढवून तिच्यावरचं सगळं बारीक लिखाण वाचलं. "वहिनी, याचे बिस्किटात नाही, रुमालावर घाला. खाण्यासाठी आहे असं यावर कुठेही लिहिलेलं नाही. आत नुसतं सालीचं तेल आहे का आणखी काही, तेही लिहिलेलं नाही. फळाचं नाव नाही, कधी काढलं ते नाही. चित्र मात्र छान आहे लिंबाचं."

"चित्र बघूनच घेतली मी," बाई म्हणाल्या.

"सगळे तसंच घेतात. म्हणून तर चित्र मोठं असतं."

दाजी-ताईंना एकच मुलगी. लहानपणी ती मागच्या खोलीत येऊन जे दिसेल त्या पिठाची चिमूट तोंडात टाकी, म्हणून तिला सगळे चिमटी म्हणत. त्या कोपऱ्यात बोलायची परवानगी असलेली ती एकटीच. मामांनी तिला थेंब मोजायला शिकवलं ते आकडे मोजता येण्याच्या आधी. "बाटलीतली हवा म्हणजे कोण?" मामा विचारत. "शत्रू!" चिमटी ओरडे, आणि मामा तिला साखरेची चिमूट देत.

पुढे तेलवाले बाबा थकले. मुलांनी साली दाबायचं यंत्र मोडीत काढलं. शेवटच्या खेपेला ते एक मोठी तपकिरी बाटली काखेत घेऊन आले. इतकी मोठी बाटली मामांनी त्यांच्याकडे कधी पाहिली नव्हती.

"ही घे," बाबा म्हणाले. "आता माझ्याकडून होणार नाही. लहान बाटल्यांत भरून ठेव आणि लवकर संपव. हे काही जपून ठेवायचं नसतं."

मामांनी मान डोलावली, आणि बाटली फ्रीजच्या मागच्या कप्प्यात जपून ठेवली.

लहान बाटल्या त्यांनी धुऊन, वाळवून तयार केल्या होत्या. पण भरायला घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं की लहान बाटल्यांत ओतलं तर तेल किती उरलं ते बाटल्या मोजूनच दिसेल. त्यातली एक संपेल, मग दुसरी संपेल. मोठ्या गडद बाटलीत काही दिसत नाही. वर उचलली की ती नेहमी जडच लागते, कारण काचच जड. मामा म्हणाले, उद्या भरू. हे उद्या त्यांच्या नोकरीसारखंच झालं.

बाबा गेल्याचं कळलं त्या रविवारी मामांनी केक केला आणि त्या दिवसापासून ती बाटली फक्त रविवारच्या केकासाठी राखून ठेवली. बिस्किटांना दुसऱ्या कुणाचं तेल आणू लागले. ते मात्र ते शिस्तीत लहान बाटल्यांत भरत, नवं आणत, जुनं संपवत. मोठ्या बाटलीला नियम लागू नव्हता. तिच्या तोंडाशी पुढे पुढे लाखेसारखा चिकट थर जमायला लागला, तो मामा दर रविवारी फडक्याने पुसत आणि बुचाला दोष देत. वास जरा मंद वाटला की एक थेंब वाढवत. वर्षं गेली तसे थेंबही वाढत गेले. मामा दर रविवारी तीच बाटली उघडत, तोच वास घेत आणि डोळे मिटून म्हणत, "वा! असं तेल आता होणे नाही."

हे खरंच होतं. असं तेल कुणी करतच नाही.

चिमटी शिकायला बाहेरगावी गेली, तिथल्या एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात राबली, हात भाजून घेतले, आणि गेल्या महिन्यात घरी परतली ती बेकरी चालवायला. दाजींचे गुडघे आता काउंटरमागे उभं राहायला नकार देत होते. पुढच्या महिन्यापासून कारभार तिच्याकडे, असं ठरलं. मामांना केवढा आनंद झाला! रविवारी त्यांनी केकाचा सगळ्यात चांगला, मधला तुकडा तिला काढून दिला. तिने घास घेतला, चावला, मामांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मऊ झालाय."

एवढंच म्हणाली.

दोन दिवसांनी मामा मागच्या खोलीत साचे पुसत होते. पुढच्या दुकानात ट्रे सरकवायची एक छोटी खिडकी भिंतीत आहे. ती कधीच नीट बंद होत नाही. तिच्यातून चिमटीचा आवाज आला.

"आई, रविवारचा केक बंद करावा लागेल. वास येतो गं त्याला."

"मला सांगतेस? किती तरी दिवस झाले."

"मग मामाला सांगितलं का नाहीस?"

"तूच सांग. तुझ्यावर चिडायचा नाही तो."

"मी नाही सांगणार! बाबा, तुम्ही सांगा."

"मी त्याचा मेहुणा आहे, वैरी नाही," दाजी म्हणाले. "माझा तुकडा मी गुपचूप समोरच्या घड्याळवाल्यांना देतो. त्यांची तक्रार नाही."

मामा साचा पुसत राहिले. तो केव्हाच कोरडा झाला होता.

त्या दुपारी मामांनी वरच्या खोलीत जाऊन स्वतःच्या नाकाची तपासणी केली. साबण हुंगला, साबणाचा वास आला. उशी हुंगली, उशीचा आला. बुटाचं पॉलिश डोळे मिटून ओळखलं, पण त्यात कसला मोठेपणा, डबी हातातच होती. खरी गोष्ट अशी, की मामांना केकात कसलाही वास येत नव्हता. म्हणजे संत्र्याचा येत होता. घरातल्या सगळ्यांना जे येतं ते आपल्याला येत नाही, याचा अर्थ एकच: नाक संपलं. आणि थेंब मोजणाऱ्या माणसाचं नाक संपलं की मग तो काय मोजणार? कुणी घालवून देणार नाही, हे त्यांना माहीत होतं. या घरात कुणी कुणाला घालवत नसे. फक्त चिमटी एक दिवस प्रेमाने म्हणेल, "मामा, तू आता आराम कर." आराम या शब्दाची मामांना फार भीती वाटे. पस्तीस वर्षं तात्पुरतं राहिलेल्या माणसाला कायमचा आराम सोसत नाही.

त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. फक्त जेवताना वरणात मीठ नाही हे ओळखायला ते एक दिवस चुकले, आणि ताई म्हणाली, "अरे, आज मीठ राहिलं होतं, तू काही बोलला नाहीस?" तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला ती कधीच नीट बंद न होणारी खिडकी आठवली, आणि सगळं उमगलं.

चिमटीने तेवढ्यात एक वेगळंच काम काढलं होतं. तिला लिंबाची आणि संत्र्याची नवी बिस्किटं सुरू करायची होती आणि त्यासाठी तिने चार ठिकाणांहून तेलाचे नमुने मागवले होते. शनिवारी दुपारी, भट्टी थंड असताना, तिने मागच्या खोलीतल्या टेबलावर टीपकागदाच्या पट्ट्या कापून मांडल्या, प्रत्येक पट्टीचं टोक एकेका बाटलीत बुडवलं आणि पट्ट्यांना मागून पेन्सिलीने खुणा केल्या.

"मामा, ये. निवड तू करायचीस."

"मी?" मामा म्हणाले. "मला कसलं कळतंय आता. तूच कर."

"मला चारही सारखेच वाटतात. हॉटेलात डब्यावर जे लिहिलेलं असे ते आम्ही घालायचो."

इतक्यात ताई चहा घेऊन आली, कप ठेवता ठेवता फ्रीजपाशी घुटमळली, चिमटी बाटल्यांची बुचं लावायला वळली तेव्हा ताईने टेबलावर काहीतरी खुडबुड केली, आणि मग पदराने हात पुसत शांतपणे पोत्यावर बसली.

मामा टेबलाशी आले. नाही म्हणावं तर भाचीला वाईट वाटेल, हो म्हणावं तर अब्रू जाईल. त्यांनी खुर्ची ओढली, चहा दूर सरकवला, कारण चहाजवळ वास घ्यायचा नसतो, आणि पहिली पट्टी उचलली.

"नाकाला चिकटवू नको, लांब धर," ते सवयीने म्हणाले, जरी पट्टी त्यांच्याच हातात होती. त्यांनी ती हलवली. थांबले. "हे लिंबू. चांगलं आहे. सालीचा पांढरा भाग जास्त दाबलाय, मागे जरा कडवट येतंय. बिस्किटाला चालेल, पाकाला नको."

दुसरी पट्टी. "हे संत्रं नाही. संत्र्यात दुसरं काहीतरी घातलंय. चॉकलेटच्या गोळीसारखं येतंय. बाजूला ठेव."

चिमटीने मागची खूण पाहून ती बाटली उचलली. "यावर 'स्वादयुक्त' असं लिहिलंय, मामा. मी नीट वाचलंच नाही."

"चित्र मोठं असेल." मामा खुर्चीत ताठ झाले होते. तिसरी पट्टी त्यांनी जास्त वेळ धरली. "लिंबू. पातळ आहे. गरम केलं की उडून जाईल. साखरेत घालून वरून भुरभुरवायला बरं." चौथी पट्टी नाकाशी आली आणि त्यांनी डोळे मिटले. पुन्हा हुंगली. "हे... हे संत्रं सोलल्यासारखं आहे. नखाला लागतं ना, तसं. कुठलं हे?"

"सांगते नंतर. झाले चार."

"चार कुठे? ही पाचवी आहे की."

"पाचवी?" चिमटी म्हणाली. "मी चारच—"

"घे, घे," ताई म्हणाली. "हुंग."

मामांनी पाचवी पट्टी उचलली, एकदाच हलवली आणि अशी लांब धरली जशी कुणी मेलेली पाल धरावी.

"हे कुणी पाठवलं? हे तेल आहे का वार्निश? अगं, हे केव्हाचं आहे! अर्ध्या रिकाम्या बाटलीत पडून राहिलंय हे, वर्षानुवर्षं. हवेने खाल्लंय सगळं, उरलाय तो नुसता दरवाजाचा रंग. असलं विकतात कसे लोक? याला लाज वाटत नाही? चिमटे, हे परत पाठव, आणि पाठवणाऱ्याला चार शब्द सुनाव."

"सुनावते मी," ताई म्हणाली. "समोरच बसलाय तो."

मामांनी ताईकडे पाहिलं. मग फ्रीजकडे. फ्रीजचं दार नीट लागलं नव्हतं, आणि त्या फटीतून मोठी तपकिरी बाटली दिसत होती, बुचाशिवाय.

त्या कोपऱ्यात बोलायची मनाई असण्याचा इतका उपयोग आधी कधी झाला नव्हता.

"परत दे," मामा शेवटी म्हणाले. पट्टी त्यांच्याच हातात होती. त्यांनी ती पुन्हा हुंगली. मग उठून मोठी बाटली काढली आणि तिच्या तोंडाशी नाक नेलं. बाटलीतून त्यांना अजूनही मैद्याच्या पोत्यावर बसून हसणारे तेलवाले बाबा येत होते. पट्टीवरून फक्त वार्निश. मामा आळीपाळीने हे हुंगत, ते हुंगत उभे राहिले.

"मामा," चिमटी घाईघाईने म्हणाली, "तुला दुखवायचं नव्हतं रे. आई, तू पण ना! अशी कुणी—"

"थांब," मामा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी पसरत चाललं होतं, आणि प्रसंगाला शोभेल असं ते अजिबात नव्हतं. "म्हणजे मला येतोय वास."

"तुला नाही तर कुणाला येणार?"

"अगं, मला वाटलं, नाक गेलं!" मामा खुर्चीत बसले आणि इतके मोकळे हसले की दाजी गुडघे विसरून खिडकीशी आले. "नाक ठणठणीत आहे! अक्कल गेली होती, ती काय, वयोमानाने जातेच."

"वयोमानाने कशाला," ताई म्हणाली. "मिठाचं तेवढं मात्र तू चुकलास."

"मिठाला वास नसतो, ताई," मामा म्हणाले, आणि हे बोलताना त्यांना एवढं समाधान वाटलं की त्यांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

"इतके दिवस सगळ्यांना ठाऊक होतं," ते कप खाली ठेवत म्हणाले. "एकाने तरी बोलायचं."

"आम्हाला वाटलं, तुला ते आवडतं," दाजी खिडकीतून म्हणाले. "मेहुण्यांची आवड. आम्ही कोण मधे पडणारे?"

चौथ्या पट्टीचं तेल मागवलं गेलं. लहान बाटल्या, त्याच जुन्या, धुऊन पुसून पुन्हा बाहेर निघाल्या. चिमटीने त्या गळ्यापर्यंत भरल्या, प्रत्येकीवर उघडल्याची तारीख टाकायला कागद चिकटवला, आणि फ्रीजमध्ये रांगेत उभ्या केल्या. रांग बघूनच किती उरलं आणि कधी संपणार ते दिसत होतं. मामा त्यांच्याकडे थोडा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "दिसू दे. संपण्यासाठीच आहे."

मोठी बाटली फेकायची हिंमत कुणाला झाली नाही, आणि गरजही पडली नाही. चिमटीने शोध लावला की बरण्यांवरच्या जुन्या लेबलांचा चिकट गोंद या तेलाने पटकन सुटतो. वर्षानुवर्षं जे डाग गरम पाण्याला दाद देत नव्हते ते फडक्यावरच्या दोन थेंबांत निघून गेले. मामांनी स्वतः बसून सगळ्या बरण्या पुसल्या. थेंब मोजून.

रविवारी केक झाला. थेंब पूर्वीइतकेच, पहिल्या दिवसांइतके, थोडेच. फेटताना खोलीभर असा वास पसरला की भट्टीवरच्या माणसाने ट्रे खाली ठेवला आणि विचारलं, "कुणी संत्रं सोलतंय का?" मामा मोजतच राहिले. पण ओठांवर जरा हसू फुटलं ते मोजण्यामुळे नव्हे. ताईने एक तुकडा खाल्ला आणि लगेच दुसरा घेतला. दाजींनी आपला तुकडा या वेळी घड्याळवाल्यांना दिला नाही, म्हणून घड्याळवाले स्वतःच दुकानात आले. समोरच्या गाळ्यात दिवसभर यंत्रतेल आणि पॉलिश यांच्या वासात बसणारे हे गृहस्थ, रविवारच्या केकाचे एकमेव निष्ठावंत.

त्यांनी घास घेतला, चावला, आणि त्यांचा चेहरा पडला.

"मामा, काही बदललंय का?"

"का हो? चांगला नाही झाला?"

"चांगला आहे," घड्याळवाले दुःखाने म्हणाले. "पण तो जुना खमंगपणा नाही राहिला. पूर्वी कसा एक... दम होता."

चिमटीने ओठ दाताखाली धरले आणि काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकली. मामा आत गेले आणि एका छोट्या बाटलीत थोडं जुनं तेल घेऊन आले.

"हे घ्या. तुमच्या घड्याळांच्या काचांवरचा चिकटा पुसायला."

घड्याळवाल्यांनी बुच काढलं, हुंगलं, आणि त्यांचे डोळे पाणावले. "हाच! हाच तो वास! मामा, हे घालत का नाही तुम्ही?"

"काका, खायचं नाही हं!" चिमटी काउंटरखालून ओरडली. "पुसायचं!"

संध्याकाळी ट्रे रिकामा झाला. मामा साचे पुसत होते तेव्हा चिमटी मागच्या खोलीत आली, साखरेच्या बरणीतून एक चिमूट तोंडात टाकली आणि पोत्यावर बसली.

"मामा, पुढच्या महिन्यापासून लिंबाचीही बिस्किटं करायची आहेत. आणि बुधवारीही केक ठेवावा म्हणते. तुला जमेल ना? का आराम करायचाय?"

मामांनी साचा उजेडात धरला, त्याच्यावर काही डाग उरलाय का ते पाहिलं.

"करतो की," ते म्हणाले. "नोकरी मिळेपर्यंत मी आहेच."